पेंटरच्या मुलीने कुठल्या कॉलेजात जावं?

ताई,
स. न. वि. वि.
मी बार्शीची. बारावी सायन्सला आहे. बाबा पेंटर आहेत. म्हणजे आधी ब्रशने दुकानांचे बोर्ड रंगवायचे, आता फ्लेक्सचं दुकान आहे आणि कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवरचं निम्मं काम मीच करते. लग्न, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड आहे, दहावीला त्याचे ७ मार्क मिळाले होते. मला ग्राफिक डिझाइनच करायचं आहे, हे पक्कं आहे.
गेल्या महिन्यात पुण्यात एका खाजगी डिझाइन इन्स्टिट्यूटच्या ओपन हाउसला गेलो होतो. बिल्डिंग बघून बाबा गप्पच झाले. आता रोज तिथून फोन येतो की तुम्हाला स्कॉलरशिप बसली आहे, पण आठ दिवसांत पहिला हप्ता भरला तरच. चार वर्षांचा हिशोब वीस लाखांच्या वर जातो. बाबा म्हणतात, रान विकू. आमचे चित्रकलेचे सर म्हणतात मुंबईच्या जेजेला प्रयत्न कर, नाहीतर संभाजीनगरचं सरकारी कॉलेज. मामा म्हणतो चार वर्षं कशाला, सहा महिन्यांचा क्लास लाव, आणि आता तर एआय सगळं करतंय. मला रात्री झोप येत नाही. कुठल्या कॉलेजात जाऊ?
एक वाचक, बार्शी (नाव छापू नये ही विनंती)

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या फोनचं बघू, कारण आठ दिवसांतले किती उरलेत हे मला कळायला मार्ग नाही. पैसे भरू नका. हप्ता नाही, टोकन नाही, सीट अडवून ठेवायचे म्हणून पाच हजारसुद्धा नाहीत. तुझी बारावीची परीक्षा व्हायची आहे, सीईटी व्हायची आहे. इतक्या आधी पैसे मागतात ते तू बाकीची कॉलेजं बघायच्या आत तुला बांधून घ्यायला. शिष्यवृत्ती म्हणजे गुण किंवा गरज बघून दिलेले पैसे. तुझं एकही चित्र न बघता जी 'बसली', ती शिष्यवृत्ती नव्हे, फीमधली सूट आहे.

पुढचा फोन आला की बाबांना देऊ नकोस, तू बोल. पदवी कोण देणार ते विचार. बी.एफ.ए. (ललित कलेची) किंवा बी.डेस. (डिझाइनची) ही पदवी विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने तो अधिकार मिळालेली संस्थाच देऊ शकते. काही ठिकाणी चार वर्षांनी हातात येतं ते संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र, किंवा कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठाशी जोडलेलं काहीतरी. विद्यापीठाचं नाव कळलं की ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे का बघ. मग विचार, प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील आणि किती दिवसांत. ही सगळी उत्तरं लेखी माग. लेखी येत नसतील तर तो विषय तिथेच मिटला.

हे मी तिखट लिहितेय, त्याला कारण आहे. आमच्या डिझाइन स्टुडिओत मुलाखतीला एक मुलगा आला होता, कोकणातला. बोलायला गोड, डोळे हुशार. टॅबवर पोर्टफोलिओ होता. एक लोगो, मग तोच लोगो कॉफीच्या मगवर, टी-शर्टवर, कागदी पिशवीवर. मग दुसरा लोगो, परत मग, टी-शर्ट, पिशवी. मी विचारलं, हे अक्षर असंच का घेतलंस? तो म्हणाला, छान दिसलं म्हणून. मी त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली आणि म्हटलं, तुझं नाव मराठीत काढ, दोन इंच उंचीचं. त्याने पेन्सिल उचलली, शिरोरेषा आधी ओढली आणि थांबला. चार वर्षांत एकदाही कुणी त्याला अक्षर काढायला बसवलं नव्हतं. कर्ज मात्र घर गहाण ठेवून काढलेलं होतं. त्या दिवशी मला राग आला तो त्याला शिकवायला बसलेल्या माणसांचा, आणि तो अजून गेलेला नाही.

सगळ्या खाजगी संस्था अशा आहेत असं मी म्हणत नाही. लोणी काळभोरला एमआयटीचं आहे, विमाननगरला सिम्बायोसिसचं आहे, दोन्हींतून निघालेली चांगली मुलं मी पाहिली आहेत. पण तिथली फी ज्यांना रान विकावं लागत नाही अशा घरांसाठी आहे. तुमच्या घरासाठी मी तो रस्ता सुचवणार नाही, आणि तो सोडल्याने तुझं काही अडणारही नाही.

आता तुझ्या पत्रातला एक गुंता सोडवते, तो बहुतेक घरांत असतो. 'ग्राफिक डिझाइन' या नावाची पाटी तुला सगळ्या कॉलेजांवर सापडणार नाही. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत याचं नाव उपयोजित कला, बोलताना सगळे अप्लाइड आर्ट म्हणतात, आणि तुझ्या सरांच्या पिढीच्या तोंडी अजून कमर्शियल आर्ट असेल. मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला १९३५ मध्ये, आणि १९६१ मध्ये तो वेगळा होऊन जेजे इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट झालं. म्हणजे जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ, पॅकेजिंग, अक्षर, बोधचिन्ह हे शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हा चार वर्षांचा बी.एफ.ए. पहिलं वर्ष पायाचं: वस्तुचित्र, निसर्ग, रंग, द्विमित आणि त्रिमित संकल्प. पुढे लेटरिंग, टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, जाहिरातमोहीम.

दुसरी वाट बी.डेस.ची. अहमदाबादचं एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६१ मध्ये सुरू झालं, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये आपल्या सरकारला दिलेल्या अहवालातून. आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग, आयडीसी, १९६९ चा. तिथल्या शिक्षणाचा कल थोडा वेगळा आहे. समज, सिव्हिल हॉस्पिटलात पहिल्यांदा आलेल्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा ते कळत नाही. अप्लाइड आर्टचा विद्यार्थी बहुतेक वेळा पाटीपासून सुरुवात करील: अक्षर किती मोठं, रंग कुठला, बाण कसा. बी.डेस.चा विद्यार्थी आधी दोन दिवस त्या दारात उभा राहील, कोण कुठे चुकतंय ते लिहून काढील, आणि कदाचित म्हणेल की पाटी नको, खिडकीच दाराजवळ आणा. शेवटी दोघांनाही दोन्ही यावं लागतं. पण अठराव्या वर्षी हाताने विचार करणारी मुलं असतात आणि प्रश्नाने विचार करणारी मुलं असतात, आणि तुझं पत्र वाचून तू पहिल्यातली वाटतेस.

तरीही एनआयडी आणि आयआयटीच्या परीक्षा मनातून काढून टाकू नकोस. एनआयडीची परीक्षा दोन टप्प्यांत होते, आधी प्रिलिम्स आणि त्यातून निवडलेल्यांची मेन्स. आयआयटीचं बी.डेस. यूसीड या परीक्षेतून मिळतं, ती जानेवारीत असते आणि बारावीची कुठलीही शाखा चालते. या अर्जांची हालचाल ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. या वर्षीचा अर्ज हुकला असला तर हळहळू नकोस, यूसीड लागोपाठच्या दुसऱ्या वर्षीही देता येते. घरापासून इतकं लांब जायची तुझी आणि घरच्यांची तयारी आहे का, ते त्या आधी बसून बोला.

आता कॉलेज. तुझ्या सरांशी मी सहमत आहे. जेजेचा प्रयत्न करायचाच. २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळी वाच, राज्याच्या सीईटीच्या भरवशावर राहू नकोस. त्याच्या खालोखाल संभाजीनगरचं सरकारी कला महाविद्यालय. नागपूरचंही सरकारी आहे, पण बार्शीहून ते लांब पडेल. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, भारती विद्यापीठाचं आहे. सांगलीला कलाविश्व, कोल्हापूरला कलानिकेतन, चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री. मुंबईत रचना संसद आणि रहेजा. एवढी नावं लिहिली ती तुझ्या मनात 'जेजे नाहीतर काहीच नाही' हे बसू नये म्हणून. ते बसलं की मुलं सप्टेंबरपर्यंत रडत बसतात आणि चांगली जागा हातची घालवतात.

पण माझ्या या क्रमावर विश्वास ठेवून फॉर्म भरू नकोस. एकेका कॉलेजात जाऊन ये. ओपन हाउसला नको. त्या दिवशी जमिनी पुसलेल्या असतात आणि ठेवणीतली कामं भिंतीवर असतात. साध्या कामाच्या दिवशी जा, मधल्या सुट्टीच्या जरा आधी पोच. गेटवर सांग की पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे, वर्ग बघायचे आहेत. कला महाविद्यालयांत सहसा कुणी अडवत नाही, आणि जिथे अडवतात तिथेही कुणीतरी तिसऱ्या वर्षाची मुलगी तुला आत घेऊन जाते.

आत गेल्यावर भिंती बघ. एका विषयाची वीस पोस्टर लागलेली असतील, समजा 'पाणी वाचवा'. वीसपैकी बारांवर भेगाळलेली जमीन आणि नळाचा एक थेंब असेल, आणि ती जमीन इंटरनेटवरून उतरवलेली एकच असेल, तर समज की इथे 'परत कर' म्हणणारं कुणी नाही. वीस जणांनी वीस ठिकाणांहून विषयाला हात घातला असेल, त्यातली काही फसलेली असतील, तरी ते कॉलेज चांगलं. फसलेलं काम भिंतीवर लावायला शिक्षकात धमक लागते. अंतिम पोस्टरच्या शेजारी पेन्सिलीची छोटी छोटी थंबनेल लावलेली आहेत का बघ, काडेपेटीएवढे चौकोन, एका पोस्टरसाठी तीस-चाळीस. ट्रेसिंग पेपरवर सरांनी मारलेल्या लाल रेघा कुठे दिसतात का बघ. आणि वर्गातली केराची टोपली बघ. दुपारी बाराला ती चुरगाळलेल्या कागदांनी भरलेली असली तर मी त्या कॉलेजावर डोळे मिटून विश्वास ठेवीन.

मग एखादी मुलगी गाठ आणि तिला विचार, सरांनी किंवा मॅडमनी तुझं काम शेवटचं कधी परत करायला लावलं, आणि काय म्हणून? 'परवाच, स्पेसिंग बरोबर नाही म्हणाले, तिसऱ्यांदा करतेय,' असं वैतागून सांगणारी मुलगी भेटली तर तुझं नशीब चांगलं. 'इथे तसं काही टेन्शन नसतं,' म्हणाली तर सावध हो. टायपोग्राफी कोण घेतं आणि ते पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हेही तिलाच विचार. सरकारी कॉलेजांची दुखरी नस ही आहे. पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, दोन तासांपुरते येणारे शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण संध्याकाळी तुझ्या टेबलाशी थांबायला कुणी उरत नाही. संगणक जुने असतात. हे तुला आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे तिथे गेल्यावर तू हिरमुसणार नाहीस आणि वरच्या वर्गातल्या मुलांकडून, ग्रंथालयातून, बाहेरच्या स्टुडिओंतून जे मिळेल ते घ्यायला पहिल्या दिवसापासून लागशील.

आणखी एक, जे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं. संध्याकाळी स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि त्यानंतर मुली वसतिगृहावर कशा जातात ते विचार. सबमिशनच्या आठवड्यात रात्रीचे नऊ वाजतात. मुलींचं वसतिगृह आवारात आहे की तीन किलोमीटरवर, मेस किती वाजता बंद होते, हे आईला सांगण्यासारखं उत्तर मिळालं की निम्मं घर तुझ्या बाजूने होईल.

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. प्रत्येक कॉलेजात एक गोष्ट मुद्दाम बघून ये: तिथे देवनागरी हाताने काढायला शिकवतात का. इंग्रजी टायपोग्राफी सगळीकडे शिकवतात, पुस्तकं तयार आहेत, शब्द तयार आहेत. देवनागरीला अनेक ठिकाणी 'एक असाइनमेंट' एवढ्यावर भागवतात. आणि पुढे काम करायला बाहेर पडलं की रोज देवनागरी समोर येते. दुधाची पिशवी, बँकेचं अ‍ॅप, मेट्रोची पाटी, औषधाचा खोका, नाटकाची जाहिरात. जोडाक्षर नीट बसवणारा, काना आणि मात्रेचं वजन कळणारा माणूस शोधायला आम्ही तासन्‌तास घालवतो.

आमच्या लेटरिंगच्या सरांनी पहिल्या सत्रात तीन आठवडे फक्त 'अ' काढायला लावला होता. तळहाताएवढा, कटनिबने, मग ब्रशने, मग पेन्सिलीने बाह्यरेषा. दुसऱ्या आठवड्यात मी वैतागून विचारलं, अजून किती? त्यांनी माझा कागद उलटा धरला, खिडकीच्या काचेला लावला आणि म्हणाले, आता बघ कुठे जड झालाय. उजेडात, उलटा, तो 'अ' मला पहिल्यांदा आकार म्हणून दिसला. त्याच्या पोटातली पांढरी जागा दिसली. आजही काही अडलं की मी कागद उलटा करून काचेला लावते, आणि संगणकावर असेल तर आरशासारखं फिरवते.

र. कृ. जोशींचं नाव तू ऐकलं नसशील, पण त्यांचं काम तू रोज बघतेस. विंडोजवरचा देवनागरीचा 'मंगल' फाँट त्यांचा. जाहिरातक्षेत्रात नाव काढून ते नंतर आयडीसीत अक्षर शिकवायला गेले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षरं अशी होती की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचं नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा. अच्युत पालव यांनी सुलेखन गावोगाव नेलं. आणि तुम्ही फ्लेक्सवर वापरत असाल तो 'मुक्त' किंवा 'बलू', हे मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले फाँट आहेत, कुणालाही मोफत वापरता येतात. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, ते आयडीसीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं, आणि त्यात आपला 'र' आहे. हे सगळं तुझ्याच गल्लीतलं काम आहे. तू ज्या घरात वाढलीस तिथे अक्षर हा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि वर्गात बसणाऱ्या फार थोड्या मुलांना हे घरातून मिळतं.

इथून पुढचं बाबांना वाचून दाखव.

दादा, नमस्कार. तुम्ही मुलीसाठी रान विकायला निघालात, यातच तुमचं सगळं आलं. पण ते विकू नका. सरकारी कला महाविद्यालयाची वर्षाची फी हजारांत असते, लाखांत नाही. शिवाय राज्य सरकारने २०२४-२५ पासून मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, इतर मागासवर्ग, सामाजिक-शैक्षणिक मागास किंवा आर्थिक दुर्बल घटक यांपैकी एकाचा दाखला हवा, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की ही माफी जाते. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना ती लागूच नाही, म्हणून तो फोन करणारा माणूस तुम्हाला हे सांगत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या सवलती वेगळ्या आहेत. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. सगळे अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर होतात. तुमच्या हातात आत्ता करण्यासारखं काम एकच: तहसीलात जाऊन उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तो जातीचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढून ठेवा. निकालानंतर तिथे रांग लागते आणि एका कागदापायी मुलांची फेरी हुकते, हे मी दर वर्षी बघते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा आणि साहित्याचा येईल. रंग, कागद, प्रिंट काढणं आणि दुसऱ्या वर्षानंतर एक बरा संगणक. त्याची तजवीज दुकानातून होईल.

आणि अजून एक मागणं आहे. पुण्याची ती बिल्डिंग बघून तुम्ही गप्प झालात म्हणून ते लिहिते. कॉलेज बघायला तिच्याबरोबर तुम्ही जा, आणि लेटरिंगच्या वर्गात गेलात की गप्प राहू नका. हातात ब्रश घेऊन तुम्ही जितके बोर्ड लिहिलेत तितकी अक्षरं तिथल्या कुणीही लिहिलेली नसतील. मांडणी कशी करायचा, दोरीला खडू लावून रेघ कशी मारायचा, ओल्या रंगावर हात लागू नये म्हणून काठी कशी धरायचा, हे त्या शिक्षकांना सांगा. ऐकून ज्याचे डोळे चमकतील त्या शिक्षकाच्या हाती मुलगी द्यायला हरकत नाही.

आता परत तुझ्याशी. मामाचं म्हणणं थोडं खरं आहे. सहा महिन्यांच्या क्लासमध्ये सॉफ्टवेअर येतं, आणि ते तुला निम्मं येतंच. त्याच्या जोरावर तू आज करतेस तेच काम थोडं झटपट करशील. राहिलं एआयचं. त्याच्याकडून मराठी मजकुराचा एक बोर्ड करून घे, 'श्रद्धा क्लॉथ स्टोअर्स' असा काहीतरी, आणि 'श्र' आणि 'द्ध' नीट बघ. बऱ्याचदा मोडलेली मिळतील. उद्या ती सुधारतील. तेव्हाही त्याने काढून दिलेल्या चाळीसांतलं कुठलं बरोबर आणि का, हे सांगणारा माणूस लागेल, आणि ते 'का' शिकायला तीन आठवडे 'अ' काढावा लागतो.

सीईटीचं फार घाबरू नकोस. राज्याच्या कला सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र ही प्रात्यक्षिकं असतात आणि कलाविषयक सामान्य ज्ञानाचा पर्यायी उत्तरांचा पेपर असतो. तुझी इंटरमिजिएट झालेली आहे, पाया तोच. कमी पडेल ते स्मरणचित्रात, कारण कोरलवर काम करणाऱ्या मुलांना माणसं काढायची सवय जाते. बोर्डाचा अभ्यास संपला की रोज वीस मिनिटं एसटी स्टँडवर बसून माणसं काढ. पिशव्या घेतलेली, पेंगणारी, भांडणारी, बस लागल्यावर पळणारी. घरी आल्यावर वही न बघता तोच प्रसंग परत काढ. सामान्य ज्ञानासाठी अजिंठा-वेरूळ, वारली, पैठणी, छपाईच्या पद्धती, रंगांची साधनं एवढं सरांकडून करून घे.

आणि पोर्टफोलिओ. प्रवेशाला लागो न लागो, एक आत्ताच सुरू कर. त्यात फ्लेक्सची कामं सध्या नको. या रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत बाबांना गाडीवर मागे बसव आणि बार्शीत त्यांनी ब्रशने लिहिलेले जेवढे बोर्ड अजून शिल्लक असतील तेवढे दाखवायला सांग. काहींवर फ्लेक्स ठोकलेला असेल, दुकानदाराला विचारून कडेने उचलून बघा. समोरून, कॅमेरा सरळ धरून फोटो काढ. प्रत्येक बोर्ड कुठल्या साली लिहिला, रंग कुठला, किती दिवस लागले, पैसे किती मिळाले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घे. मग त्यातलं तुला सगळ्यात आवडलेलं एक अक्षर निवड, ट्रेसिंगवर उतरव आणि ते अक्षर ज्या हाताने लिहिलंय त्याच हाताची सगळी बाराखडी कशी होईल ते काढायला बस. अडलीस की कागद उलटा करून काचेला लाव. 'क' ते 'ज्ञ' पूर्ण झालं की मला पाठव, मी बघून परत करीन.